शेवटच्या पानावरची जोडी

देवगिरीतल्या आपल्या ओसरीवर मांडण चिताऱ्याने पोथीचं शेवटचं पान शेठ जसराजांच्या हाती दिलं. पोथी करवून घेणाऱ्या जोडप्याचं चित्र शेवटी काढायची रीत होती. ही पोथी शेठजी वारलेल्या बायकोच्या नावाने मंदिराला देणार होते.

"बाईंना मी कधी पाहिलेलं नाही," मांडणने काम घेतानाच सांगितलं होतं.

"चालेल. पोथीतली माणसं नाहीतरी एकाच तोंडवळ्याची असतात."

तशीच ती उतरली होती. लांब नाक, गालाच्या रेषेबाहेर आलेला पलीकडचा डोळा. शेठजींनी समाधानाने मान डोलावली, पान उजेडाकडे धरलं आणि त्यांची मान मध्येच थांबली.

झिरझिरीत ओढणीआड, बाईच्या कमरेवर, कुंचल्याच्या टोकाने टेकवलेला एक काळा तीळ होता. तो आपल्याशिवाय कोणी पाहिलेला नाही, असं शेठजी आजवर समजत आले होते.

मांडणलाही तो आत्ताच दिसला. काढताना हात आपसूक तिथे गेला होता.

शेठजी ओरडले नाहीत. चित्रात बायकोशेजारी हात जोडून बसलेल्या स्वतःकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात मांडणपुढे धरला. अंगठ्याला चिकटून एक सहावं बोट होतं.

"वर्षभर रोज तुझ्यासमोर येऊन बसतोय," ते म्हणाले. "हे काढायचं राहिलं तुझ्याकडून."