हिरवा दिवा

काचेच्या बंद खोलीत नवरा कानांवर हेडफोन लावून, बटण हातात धरून बसला होता. आवाज ऐकू आला की दाबायचं, म्हणजे बाहेर बायकोसमोर हिरवा दिवा लागणार. कान नापास झाले, तर कारखान्यातली नोकरी गेलीच. दिवा दर वेळी लागला, तशी ती निश्चिंत झाली. "काकू, आवाज सोडताना माझं बोट हललं की काका बटण दाबतायत," काचेबाहेर यंत्रापाशी बसलेली तपासणारी कुजबुजली आणि तिने हातापुढे फाइल उभी धरली. दिवा लागेना. नवरा घामाघूम होऊन फाइलकडे, जाड दाराकडे बघत राहिला. "नुसती मान डोलावता! भिंतीशी बोललेलं परवडलं," म्हणत बायकोने मध्यंतरी आठवडाभर अबोला धरला होता. त्याला तो कळला तरी असेल का? ती काचेजवळ गेली. "अहो, माझं काहीच ऐकू येत नव्हतं ना?" तिच्या ओठांकडे बघत नवऱ्याने नेहमीसारखी मान डोलावली.