यंदाचे उत्कृष्ट संशोधक

यंदाचा ‘उत्कृष्ट संशोधक’ पुरस्कार डॉ. बिवलकरांना जाहीर झाला. जेवणाच्या सुट्टीत ठरलं, की असं काही झालंच नाही.

प्राचार्यांनी ग्रंथपाल रोहिणीताईंना बोलावलं. कॉलेजचे छापून आलेले पेपर डेटाबेसमध्ये शोधून यादी करणं त्यांचंच काम.

“अहो मॅडम, बिवलकरांना जाऊन दोन वर्षं झाली!”

“हो सर. घरी फोटोला हार मीच घालते.”

“मग यंदा सात पेपर कसे?”

“ह्यांचे विद्यार्थी पेपरवर मार्गदर्शक म्हणून अजून ह्यांचं नाव लावतात. जिवंतपणी वर्षाला कसाबसा एक व्हायचा.”

“तुमचेच मिस्टर ना? मग नाव गाळायचं! आता कळवा डेटाबेसवाल्यांना, ते वारले म्हणून.”

रोहिणीताई जागेवर येऊन बसल्या. रेशनकार्डावरून, मतदारयादीतून, गॅसच्या पुस्तकातून त्यांनीच ते नाव कमी करून घेतलं होतं, दर वेळी मृत्यूचा दाखला जोडून. इथे डेटाबेसमध्ये नावापुढे हिरव्या अक्षरांत ‘सक्रिय’ होतं. त्यांनी जोडायला काढलेला दाखला ड्रॉवरमध्ये परत ठेवला आणि डेटाबेसवाल्यांना लिहिलं:

“सदर संशोधक आपल्याकडे अद्याप सक्रिय असल्याचे दिसते. तरी त्यांचा सध्याचा पत्ता पत्नीस कळवण्यात यावा, ही नम्र विनंती.”