तिसऱ्या रांगेतला प्रश्न

"अजून एक प्रश्न आहे," तिसऱ्या रांगेतून ताई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

खोलीतल्या चौदा जणी सावरून बसल्या. शिबिराचा शेवटचा दिवस होता. रीत अशी, की निवडणुकीला निघालेल्या मुलीने पुढे उभं राहायचं, हातात ना माइक ना कागद, आणि शिकवणाऱ्या ताईंनी गर्दीतला सर्वांत आगाऊ माणूस व्हायचं. चाळीस मिनिटं. मग ताई एका कार्डावर 'तयार' किंवा 'अजून नाही' असं लिहीत. ते कार्ड पक्षाच्या कचेरीत जाई. 'अजून नाही' लिहिलेल्या मुलीला आजवर तिकीट मिळालेलं नव्हतं.

समोर भिंगरी उभी होती. औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणारी, सव्वीस वर्षांची. पाय आणि तोंड एका जागी ठरत नाहीत, म्हणून बाकीच्या मुलींनी ठेवलेलं नाव. अडतीस मिनिटं ती पुरून उरली होती. पाणी झालं, गटार झालं, "वय काय गं तुझं, पोरी?" हेही विचारून झालं. "गोळ्या माझ्याच हातून घेता, काका, तेव्हा वय नाही विचारत," ती म्हणाली आणि चौदाही जणी हसल्या. खरं तर हसायला मनाई होती. ताईंनी कुणाला टोकलं नाही. हसू त्यांच्याही ओठांवर आलं होतं, आणि तेच त्यांना सहन झालं नाही.

आठ वर्षांपूर्वी याच वॉर्डातून ताई उभ्या होत्या. एकसष्ट मतांनी पडल्या. तेव्हापासून पक्ष त्यांना 'अनुभवी' म्हणू लागला आणि शिकवायला बसवू लागला. तेवीस मुली त्यांच्या हाताखालून गेल्या, सात निवडून आल्या. एकीचाही हेवा त्यांना वाटला नाही. त्या साऱ्या दुसऱ्या वॉर्डांतल्या. ही मात्र त्यांच्याच गल्ल्यांतून फिरत होती. ज्या दारांनी ताईंना बाहेरच्या बाहेर 'बघू' म्हणून वाटेला लावलं होतं, ती दारं हिला आत बोलावून खुर्ची देत होती. मागच्या बैठकीत अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हिला काय शिकवता ताई, हिच्याकडून शिका." गंमत होती. ताई हसल्याही होत्या. ते हसू अजून घशातून खाली उतरलं नव्हतं.

महिन्यापूर्वी वर्ग सुटल्यावर दोघी कप विसळत असताना भिंगरीने त्यांना एक गोष्ट सांगितली होती. नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा दीड वर्षाच्या लेकीला सासूपाशी सोडून ती निघाली होती. अकरा महिन्यांनी परत आणली. "हे इथे कुणालाच ठाऊक नाही, ताई. फक्त तुम्हाला सांगतेय." ताईंनी ओल्या हातानेच तिच्या पाठीवर थोपटलं होतं.

तेव्हापासून ती गोष्ट त्यांच्या जिभेवर होती. रोज घरून निघताना त्या स्वतःला बजावत, नाही विचारायचं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, एवढं त्यांना कळत होतं.

"स्वतःचं दीड वर्षाचं लेकरू सासूच्या दारात टाकून जी बाई चालती झाली," ताई संथपणे म्हणाल्या, "तिच्या भरवशावर आम्ही आमचा वॉर्ड का टाकायचा?"

मागे कुणाची तरी पिशवी घसरून पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. भिंगरीचे पाय थांबले. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद गप्प राहिलेला उमेदवार संपला, असं त्या वर्गात शिकवत. सहा झाले. सात. आठ.

"टाकलं," भिंगरी म्हणाली. "ठेवलं म्हणाले तर खोटं होईल. काम शोधत होते, आणि कडेवर पोर बघितलं की कुणी दारात उभं करत नव्हतं. अकरा महिने ती माझ्याशिवाय झोपली. आपल्या वॉर्डात नऊशे बायका कामावर जातात. मुलं सांभाळायला एक खोली नाही. मला त्या खोलीसाठी मत द्या. दोन वर्षांत ती झाली नाही, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा, याहून मोठ्याने."

आवाज कापत होता. ते तिने लपवलं नाही.

टाळी कुणी वाजवली नाही. पुढच्या रांगेतली एक जण डोळे पुसत होती. चौदा साक्षीदार होत्या. ताईंना दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं. त्यांनी 'तयार' लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं, की कुणी लहान मुलाने लिहिलंय असं वाटावं.

मुली पांगल्या. भिंगरी तेवढी मागे राहिली. ताईंनी वाक्य तयारच ठेवलं होतं. "बाहेरचे लोक याहून वाईट विचारतील. म्हणून विचारलं. राग आला असेल तुला."

"नाही, ताई. मी महिनाभर वाट बघत होते."

"कशाची?"

"हे बाहेर कुणीतरी काढणारच होतं. त्याआधी इथे एकदा निघायला हवं होतं. तुम्ही चार आठवडे गप्प बसलात, तेव्हा वाटलं, माणूस ओळखायला चुकले की काय." तिने पिशवी खांद्याला लावली. "या बाकीच्या सगळ्या माझ्या मैत्रिणी आहेत. जीव गेला असता तरी त्यांनी विचारलं नसतं. म्हणून तर तुम्हाला सांगितलं."