पैसे, यंत्र बाहेर निघालं की

सुतारकामाचं यंत्र तळघराच्या दारापेक्षा चांगलं तीन बोटं रुंद निघालं. रूपर्टने पुन्हा टेप लावली. सरकतं टेबल सोडवून झालं होतं, सुटण्यासारखं सगळं सोडवून झालं होतं. उरलेलं बिडाचं धड एकसंध होतं आणि ते काही केल्या बारीक होणार नव्हतं.

रूपर्ट निवृत्त करअधिकारी. घाई त्याच्या रक्तात नव्हती. आपल्या गॅरेजचं दार त्याने पुन्हापुन्हा मोजलं होतं, छताची उंची मोजली होती, यंत्र कुठे उभं राहणार त्याच्या खुणाही जमिनीवर खडूने केल्या होत्या. विकणाऱ्याचं दार मोजायचं तेवढं राहून गेलं होतं.

आणि यंत्र तर हवंच होतं. नव्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसणारा लाकडी बाक आणि टेबल करून देईन, असं त्याने वसंतात बायकोला, हर्मीनला, कबूल केलं होतं. तेव्हापासून दोघं बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून जेवत होती. नाताळला हर्मीनची बहीण यायची होती. "तोवर बाक झाला नाही तर मी दुकानातून आणीन," हर्मीनने बजावलं होतं. घरात सुतारकामाचा शौक मिरवणाऱ्या, ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या टिरोली माणसाची याहून मोठी बेअब्रू नाही.

सकाळी सगळं किती छान चाललं होतं! जाहिरात वाचून, गाडीला मेहुण्याचा ट्रेलर जोडून रूपर्ट घाट चढून आला, तेव्हा म्हातारा कासियान दारातच उभा होता. जन्मभर रोपवे चालवलेला माणूस. करवत, रंधा, भोकं पाडायची सोय, सगळं त्या एकाच यंत्रात होतं आणि निगा अशी की बघत राहावं.

"अहो, काय सुरेख ठेवलंय तुम्ही!" रूपर्ट म्हणाला.

"अहो-जाहो खाली दरीत ठेवून यायचं," कासियान म्हणाला. "हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरे."

पण कचेरीत आयुष्य काढलेल्या रूपर्टची जीभ काही वळेना.

करवत चालू करून दाखवायची म्हणून कासियानने वर हाक मारली. त्याची बायको बुर्गल खाली आली. तिने रूपर्टला नखशिखांत न्याहाळलं आणि मगच एप्रनच्या खिशातून बटणाची किल्ली काढून दिली. करवतीचं पातं असं गुणगुणत फळीतून गेलं की रूपर्टचं मन तिथेच हरलं.

"काय करणार याच्यावर?" कासियानने विचारलं.

"बाक करायचाय बायकोसाठी."

"बरं. आणि मंगळवारी काय करतोस?"

"निवृत्त माणसाला कुठला मंगळवार आणि कुठला शुक्रवार!"

कासियानने लगेच हात पुढे केला. "घे, तुझं झालं. म्युनिकचा एक डॉक्टर दुप्पट देत होता. नाही म्हटलं त्याला."

"आणि पैसे?"

"यंत्र बाहेर निघालं की."

आजच्या जगात अशी माणसं आहेत म्हणायची, असं वाटून रूपर्टला भरून आलं. हात मिळवले, नाशपातीच्या दारूचा एकेक घोट झाला आणि कासियानने उचलायला माणसं बोलावली. चौघे आले. एकाने अक्रोडाचा केक आणला होता, एकाने बिअरच्या बाटल्या. दोरखंड मात्र एकानेही आणला नव्हता, हे रूपर्टच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याने टेप खाली ठेवली. "हे आत आलं तरी कसं?"

"वरून," कासियान म्हणाला. "तेव्हा वर घर नव्हतं ना. आधी खड्डा खणला, यंत्र उतरवलं. मग याच यंत्रावर दारं, खिडक्या, जिना तयार केला आणि वर घर चढवलं."

चौघांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

"मग जाहिरात कशाला दिलीस रे थेरड्या?" रूपर्ट ओरडला.

कासियानचा चेहरा उजळला. "बघा! आला की नाही डोंगरावर!"

"मी सांगते," जिन्यावरून बुर्गल म्हणाली. "मागे एकदा फळी उलटी उडून याच्या बरगडीत बसली. हा इथे आडवा पडलेला, आणि मी वर रेडिओ लावून भांडी घासतेय. केव्हाचा हाका मारत होता, मला पत्ता नाही. तेव्हापासून किल्ली माझ्याकडे. खाली दुसरं माणूस असल्याशिवाय करवत फिरायची नाही." कासियान भुशाकडे बघत राहिला.

रूपर्टचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला या दोघांची माया वाटली.

"तुझा बाक इथेच कर की," कासियान हळूच म्हणाला. "दोघं मिळून करू. नाताळच्या आधी होईल."

रूपर्टच्या डोळ्यांपुढे बाक आला, आणि बाकावर ऐसपैस बसलेली मेहुणीही आली. तो हसला. "करू की. पण तुला माणसांची काय वानवा? हे चार शेजारी आहेत ना!"

चौघे हसू दाबायला लागले. दाराजवळच्या खुंट्यांवर कामाचे एप्रन टांगलेले होते. त्यांतला आपला एप्रन काढून केकवाल्याने गळ्यात अडकवला आणि शेवटच्या खुंटीवरचा कोरा एप्रन रूपर्टच्या हातात दिला.

"शेजारी कुठले, मित्रा! मी पार इन्सब्रुक शहरातून येतो. हे यंत्र आम्ही चौघांनीही विकत घेतलंय. पैसे बाहेर निघालं की देऊ. प्रत्येकाचा एकेक वार ठरलाय, मंगळवार तेवढा रिकामा होता."