काचेचा वेग

खंडेरावानं बटण दाबलं. डावीकडची काच सर्रकन वर गेली. त्यानं दुसरं बटण दाबलं. उजवीकडची काच निघाली, पण दमेकरी जिना चढतो तशी, थांबत थांबत.

"ग्रीस बदललं, रबर नवं टाकलं, मोटर खोलून पुसली," तो वैतागून म्हणाला. "तरी ही महामाया हालायचं नाव घेईना."

सातपूरच्या त्याच्या शेडमध्ये ती लाल, दोन दारांची, डाव्या स्टिअरिंगची स्पोर्ट्स कार सकाळपासून उभी होती. उपेंद्ररावांनी पंचवीस वर्षांपूर्वी कुवेतची नोकरी सोडताना ती बोटीनं आणली होती. आता येत्या रविवारी त्यांच्या मुलाची, गौरांगची, वरात तिच्यातून निघायची होती. ही हौस गौरांगच्या मोठ्या बहिणीची, मृण्मयीची. ऑफिसात रजा टाकून, वडिलांना शेजारी बसवून ती गाडी इथवर घेऊन आली होती. धाकट्या भावासाठी ती काय करणार नाही, एवढंच विचारायचं.

"राहू दे रे हळू," उपेंद्रराव स्टुलावरून तिसऱ्यांदा म्हणाले. "काही अडत नाही."

"बाबा, नवरदेवानं काच खाली करेपर्यंत अक्षता पडून जातील," मृण्मयी हसली. "बघा हो दादा, आणखी कुठं काय आहे ते."

खंडेरावानं सीटखालचं मॅटिंग उचललं आणि वायर धरून पुढं पुढं गेला. मधेच थांबून त्यानं कपाळावर हात मारला.

"घ्या! आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! ताई, दारात काहीच खोट नाय. वायरीत कुणीतरी रेझिस्टन्स घातलाय. पंख्याला रेग्युलेटर असतो ना, तसाच समजा. करंटच कमी जातो, तर काच पळंल कशी? अन् हे कंपनीचं नाय, मागाहून मुद्दाम बसवलंय."

काम मात्र सुबक होतं. जोडावर टेप गुंडाळलेली आणि टेपला तारेनं अडकवलेली पत्र्याची बोटभर पट्टी. ती पाहून मृण्मयीला हसू आलं. उपेंद्रराव फॅक्टरीत मेंटेनन्सला होते. यंत्राला हात लावला की काय केलं, का केलं, ते पट्टीवर कोरून तिथंच अडकवायचं, ही त्यांची खोड. घरच्या पाण्याच्या पंपालासुद्धा अशा तीन पट्ट्या होत्या.

"अहो बाबा, हे तर तुमचंच काम! मग सांगायचं नाही का? बिचारे दादा सकाळपासून घाम गाळतायत." तिनं ओढणीनं पट्टी पुसली आणि मोठ्यानं वाचली. "मुलाच्या बोटास इजा झाल्यामुळे काचेचा वेग कमी केला. सत्तावीस दहा चौऱ्याऐंशी."

वाचताना ती हसतच होती. वाचून झाल्यावर तिनं पट्टी पुन्हा वाचली, या वेळी मनात.

गौरांगच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला वरचं पेर नाही. तो दोन वर्षांचा असताना मृण्मयीनं घरातला झोपाळा जोरात ढकलला, त्याचं बोट कडीत सापडलं आणि तुटलं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. ही गोष्ट आई सांगायची, आत्या सांगायची, सगळं नातंगोतं सांगायचं. त्यानंतर मृण्मयी कुठल्याच झोपाळ्यावर बसली नाही. सासरी ओसरीवर चांगला सागवानी झोपाळा आहे, त्यावरही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "झोपाळा होता ना?"

उपेंद्ररावांनी मान वर केली नाही.

"बाबा!"

"मी बटण दाबलं," ते म्हणाले. "त्याचा हात काचेवर होता. मी बघितलं नाही."

मृण्मयीनं गाडीच्या टपाला धरलं. रडू यायला हवं होतं, पण तेही येईना. चोवीस वर्षं! एक दिवस नाही, दोन दिवस नाही.

"मला आठवतं ते," ती हळू म्हणाली. "कडीचा आवाज आठवतो. त्याचं रडणं आठवतं. माझे हात फळीवर होते, तेसुद्धा आठवतं."

"सारखं ऐकून वाटतं तसं."

"पण माझं नाव का सांगितलंत?"

"तुझ्या आईनं मला घरात उभं राहू दिलं नसतं. तू लहान होतीस. म्हटलं, लहान पोरीला कोण काय बोलणार?"

खंडेराव मुकाट्यानं उठला आणि हात धुवायला शेडच्या मागं गेला. हात तसे स्वच्छच होते.

"आई जाताना मला म्हणाली होती, 'मी तुला माफ केलं गं,'" मृण्मयी म्हणाली. "तुम्ही तिथंच होतात. पायाशी बसला होतात."

उपेंद्रराव स्टुलावरून उठले.

"माझ्याशी खोटं बोललात. आईशी बोललात. आणि या पत्र्यावर मात्र खरं लिहिलंत!"

"मिनू, गौरांगला एवढ्यात सांगू नकोस," उपेंद्रराव घाईनं म्हणाले. "लग्न तोंडावर आलंय. त्याच्या मनात माझ्याविषयी..."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, बंगळुरूचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन वडिलांच्या हातात दिला. दोनदा रिंग झाली.

"बोल ताई! झाल्या का गं काचा?" गौरांगचा आनंदी आवाज शेडभर झाला.

"मी बोलतोय," उपेंद्रराव म्हणाले.

"बाबा? काय झालं? ताई कुठंय? तिला द्या ना जरा."

उपेंद्ररावांनी फोन तिच्यापुढं धरला.

मृण्मयीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.