सांगितलेला रस्ता

"डाव्या हाताक वळण आसा. वायच माझ्या अंगार ये," दीपेश म्हणाला आणि दोघांच्या मनगटांना बांधलेली नाडी त्याने हलकेच ओढली. संचिता वळली.

तिला दिसत नव्हतं. आंबोलीचा घाट तिच्यासाठी दीपेश सांगेल तेवढाच होता. एवढ्या उतारावर शर्यतीतली डोळस माणसंही टाचा रोवत धावत होती. ती अंग सोडून धावत होती. दोन वर्षांत त्याने न सांगितलेला एकही खड्डा तिच्या पायाखाली आला नव्हता.

"रस्त्यार पाणी. तीन पावलां. झाला. कठड्यार माकड बसलाहा."

"काय करता?"

"तुका बगता. इचारता, ह्या खंयचा नवीन माकड?"

संचिता इतकी हसली की तिला दम लागला.

मागून पावलं वाजत आली. त्यांच्याच क्लबची रिया, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची. "दीपेश, बोटीर चढायच्या आधी पार्टी होयी हां! मंगळवार लांब नाय!"

"गप ऱ्हव गो, रिया!" क्लबमधलाच सर्वेश तिच्या मागून ओरडला, आणि दोघं खाली निघून गेली.

"उजव्या हाताक..." दीपेश अडखळला. "उजव्या हाताक वळण."

संचिता वळली. "खंयची बोट?"

"मालाची. नोकरी गावली. मुंबैसून. नऊ म्हयने."

"सगळ्यांका म्हायत होता?"

"परशुराम सर म्हणाले, शर्यत होवंदे, मगे सांग. नायतर तुझा लक्ष लागाचा नाय."

तिने वेग वाढवला. नाडी ताणली गेली.

"हळू गो. पुढे उतार लय आसा."

ती हळू झाली नाही. धापा टाकत तो तिच्याबरोबर राहिला आणि सांगत राहिला. सुटलेली खडी, मोडून पडलेली फांदी, गटारावरची जाळी. एकही गोष्ट त्याने सोडली नाही. तिने प्रत्येक ऐकली, प्रत्येक चुकवली, आणि वेग तसाच ठेवला.

घाटाखाली दाणोलीला शेवटची रेषा ओलांडली तेव्हा क्लबची सगळी पोरं तिच्याभोवती नाचायला लागली. परशुराम सरांनी घड्याळ तिच्या कानाशीच धरलं, जणू ते बोलणार होतं. "मागच्या येळेपेक्षा साडेतीन मिनिटां कमी, पोरी! साडेतीन!"

नाडीची गाठ घामाने घट्ट बसली होती. दीपेश सोडवायला गेला, तर तिने हात ओढून घेतला आणि दातांनी ती सोडवली.

"रिया खंय आसा?"

नाच थांबला.

"हय आसंय," मागून बारीक आवाज आला. "चुकलंय गो. माका वाटला, तुका म्हायत आसा."

"बुधवारी सकाळी साडेपाचाक बंदरार, रोजच्या जाग्यार ये. माझ्यावांगडा धावाक."

"मी? माका नाय जमाचा. माझ्या तोंडात काय ऱ्हवत नाय, सगळे म्हणतत."

"म्हणानच ये."

कोणीतरी चहाचं नाव काढलं, तशी सगळी मंडपाकडे निघाली. रियाने संचिताचं कोपर धरलं होतं, चुकीच्या बाजूने आणि फार घट्ट. दीपेश दोन पावलं मागे होता.

"पुढे पायरी आसा," तो सवयीने म्हणाला.

संचिता थांबली.

"रिया," ती म्हणाली, "पुढे काय आसा?"

रियाने मागे वळून दीपेशकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"पायरी," ती कशीबशी म्हणाली.

मग संचिताने पाऊल उचललं.