आदरपूर्वक

त्र्याण्णवच्या भूकंपावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकांचं पत्र मी बरेच दिवस पुस्तकात दडवून ठेवलं होतं. ‘त्या पहाटे तुम्हाला वाचवताना मातोश्री काय म्हणाल्या? त्यांचे शेवटचे शब्द आम्ही आदरपूर्वक घेऊ.’ खरं काय ते लिहायचा मला संकोच वाटत होता. शेवटी ‘बाळा, सुखी राहा’ असं लिहिलं आणि सास्तूरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, सीताअक्काला, वाचून दाखवलं.

अक्काला हसू आवरेना. “आय तुला बाळा कवा म्हणली रं?”

“अक्का, गेलेल्या माणसांचा सिनेमा आहे. त्यात तो शब्द कसा दिसंल? शिवाय मी तेव्हा शाळेत मास्तर होतो.”

“आन् पडद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी आय आली, तर ते बरं दिसंल व्हय?”

मी तो कागद फाडला. एका पोस्टकार्डावर दोनच ओळी लिहिल्या आणि पुन्हा शंका यायच्या आत ते टपालपेटीत टाकलं.



‘आई म्हणाली, “ऊठ की मुडद्या, घर पडायलंय.”
कृपया यात बदल करू नये.’